एक फेरी बाकी

सायकलींच्या शर्यतीतलं मला काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकते. ऑलिम्पिक लागलं की मी तेवढ्यापुरती बघते आणि मग पुढचं ऑलिम्पिक येईपर्यंत विसरून जाते. कुणाचं नाव लक्षात राहत नाही, नियम तर नाहीच नाही. हिमायतनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये माझा मुलगा सोफ्यावर आडवा पडून मोबाइलवर तेच बघत असतो. "मम्मी, इधर आ, स्प्रिंट लागलीय," असं अर्धं हिंदी अर्धं मराठी ओरडतो. मी पदराला हात पुसत जाऊन मागे उभी राहते. उतरत्या लाकडी ट्रॅकवर दोन सायकलस्वार एकमेकांकडे बघत मुंगीच्या पावलांनी चाललेले असतात, मधेच जागच्या जागी थबकतात, आणि माझे कान गरम होतात. मुलाला वाटतं आईला खेळात गोडी आहे. त्याला मी कधी काही सांगितलं नाही. तो मराठी अडखळत वाचतो, दोन ओळींत कंटाळतो, म्हणूनच हे इथे लिहायला मला थोडा धीर आला आहे.

आम्ही तेव्हा याच शहरात, पण नल्लकुंट्याला राहत होतो. दोन खोल्या, पुढे सिमेंटचा ओटा, आणि ओट्याला टेकवून ठेवलेली पप्पांची काळी सायकल. पप्पा सिकंदराबादला रेल्वेत क्लार्क होते. देगलूरकडच्या एका खेड्यातून ते इथे आले, दिवसा मिळेल ते काम आणि संध्याकाळी शाळा असं करत शिकले, आणि आमच्या सगळ्या नातेवाइकांत सरकारी खुर्चीवर बसणारे पहिले झाले. त्यामुळे असेल, पण 'मला माहीत नाही' हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. नांदेडहून कुणी आजारी माणूस घेऊन आलं की कुठला डॉक्टर, ते पप्पा सांगणार. शेजारच्या सत्यवती आंटीच्या रेडिओत खरखर आली की पप्पा तो उघडून बसणार. रेडिओ पुष्कळदा बिघडायचाही, पण पप्पा सांगायचे ते इतक्या ठाम आवाजात सांगायचे, की बिघडलेला रेडिओसुद्धा आंटी मान हलवत घेऊन जायची.

रविवारचं घर मला अजून वासांनी आठवतं. सकाळी उदबत्ती लावून आम्ही बुद्धवंदना म्हणायचो, ती संपते न संपते तोच आई येसराच्या मसाल्याचा डबा उघडायची आणि तो भाजलेला वास अगरबत्तीवर चढून बसायचा. दुपारपर्यंत मटण शिजत राहायचं. आई चुलीवरच्यासारखी मोठी ज्वारीची भाकरी स्टोव्हवर थापून टाकायची; स्टोव्हचा भर्रर्र आवाज, त्यात तिच्या बांगड्या, आणि लांबून विद्यानगरकडच्या रुळांवरून जाणाऱ्या मालगाडीची धडधड. आंटीकडून कधी वाटीभर गोंगुऱ्याची, म्हणजे अंबाडीची, चटणी यायची. जेवण झालं की पप्पा चटई टाकून टीव्हीसमोर लवंडायचे, आणि मी त्यांच्या पायाशी. टीव्ही नवा होता. त्याच्यावर आईनं स्वतः विणलेलं झालर लावलेलं कापड होतं आणि ते फक्त पप्पांनी उचलायचं असा नियम होता.

त्या रविवारी ऑलिम्पिकमधलं काहीबाही दाखवत होते. आधी कुस्ती झाली, मग कुणीतरी बराच वेळ पोहलं. सत्यवती आंटी दारात मुरमुरे निवडत बसली होती. मग अचानक सायकली आल्या. दोन बायका, अंगाला चिकटलेले कपडे, डोक्याला लांबुडकं हेल्मेट. आईनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "अगं बाई, हे काय घातलंय? अहो, बंद करा की."

"गप," पप्पा म्हणाले. ते उठून बसले होते.

त्या दोघी शर्यत लावल्यासारख्या चालतच नव्हत्या. पुढची मान वळवून मागचीकडे बघायची, मागची थांबायची. मग पुढचीही थांबली. दोन्ही सायकली उतारावर जागच्या जागी उभ्या, पाय जमिनीला न लावता. पप्पांनी मांडीवर थाप मारली. "बघायलीस का सुजाता? हे तर आपलं स्लो सायकल!"

हे त्यांनी म्हणणं साहजिक होतं. रेल्वेच्या वार्षिक खेळांत स्लो सायकलमध्ये पप्पांना कुणी हरवू शकत नव्हतं. सगळ्यांत शेवटी पोहोचेल तो जिंकला, पाय टेकला तो बाद, असा तो खेळ. फळीवरचे स्टीलचे पेले त्याचेच होते. पण पप्पांचं वाक्य संपतं तोच त्या दोन बायका बंदुकीतून सुटल्यासारख्या सुटल्या. मागची पुढचीच्या पाठीला चिकटून गेली आणि शेवटच्या क्षणी बाजूनं निघून जिंकली. मग त्यांनी आम्हा तिघींकडे वळून समजावलं, "सगळी गंमत थांबण्यात आहे. जो आधी पुढे जातो तो मेला. दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायचं, दम राखायचा आणि शेवटच्या फेरीला मारायची." आंटीनं मान हलवली. मीही हलवली. मला ते अगदी पटलं होतं.

त्यानंतरचे दिवस माझ्या लहानपणातले सगळ्यांत आनंदाचे होते, हे लिहिताना सुद्धा आत कुठेतरी टोचतं. शाळेच्या फळ्यावर जिल्ह्याच्या निवड स्पर्धेची सूचना लागली होती. मुलींसाठी सायकल, साधी चालेल, स्प्रिंट. मी घरी सांगितलं आणि पप्पांनी दुसऱ्याच दिवशी माझी लेडीज सायकल उलटी करून ओट्यावर ठेवली. मडगार्ड काढले, कॅरिअर काढलं, चेन-कव्हर काढलं. "वजन कमी पाहिजे," ते म्हणाले. संध्याकाळी ड्युटीवरून आले की कपडे न बदलता मला रुळांजवळच्या मोकळ्या मैदानात न्यायचे. वेगानं चालवायचं आम्ही फारसं केलंच नाही. "ते तर कुणीही करतं," पप्पा म्हणायचे. मी थांबायला शिकले. थोडासा चढ बघायचा, पुढचं चाक तिरपं करायचं, ब्रेक हलका दाबून पेडलवर उभं राहायचं आणि अंगानं तोल सांभाळायचा. पप्पा समोर पाठीमागे हात बांधून उभे राहायचे आणि हळू आवाजात म्हणत राहायचे, "हां... हां... घाई नको." अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं त्या मैदानात काहीही न करता उभे असायचो. त्यांच्या इतक्या जवळ मी त्याआधी कधी नव्हते, नंतरही नाही.

तोवर पप्पांनी ऑफिसात सांगून झालं होतं. नांदेडला मामालाही निरोप गेला आणि तो मामीला घेऊन आदल्या दिवशी येऊन दाखल झाला. आईनं माझ्यासाठी पप्पांची जुनी खाकी पँट कापून गुडघ्यापर्यंतची शिवली. ती घालून मी खोलीत उभी राहिले तर मामी तोंडाला पदर लावून हसली. पप्पा म्हणाले, "हसा. उद्या पेपरात फोटो आला की हीच पँट देवळीत ठेवाल."

स्पर्धा सकाळी होती. सायकली दोनच होत्या, म्हणून मामा-मामी घरी थांबले, आईही थांबली. आई म्हणाली, मला बघवणार नाही, मी इथेच स्वयंपाक करते. पप्पा आणि मी दोघंच गेलो. मी ट्रॅक उतरता असेल, लाकडी असेल असं धरून चालले होते. ते एक साधं मैदान होतं, मातीवर चुन्याच्या रेघा मारलेल्या, एका बाजूला शामियाना आणि त्यात लाऊडस्पीकर. तिथे मला पहिला धक्का बसला. टीव्हीवर दोघी-दोघी होत्या, इथे रेषेवर आम्हा सहा मुलींना एकत्रच उभं केलं. मी पप्पांकडे बघितलं. ते दोरीच्या पलीकडे उभे होते. त्यांनी हात खाली दाबून खूण केली, काही फरक पडत नाही.

"तीन फेऱ्या," निशाणवाला म्हणाला आणि शिट्टी वाजली.

पाच मुली गेल्या. मी शिकले होते तसं हळूहळू निघाले, मान वळवून बाजूला बघितलं, तर बाजूला कुणी नव्हतं. धुरळा तेवढा होता. पहिल्या वळणाआधी जरासा चढ होता, तिथे मी चाक तिरपं करून थांबले. माझा तोल इतका छान लागला होता की आजही मला त्याचा थोडा अभिमान वाटतो. मी पेडलवर उभी, सायकल स्थिर, आणि पाठीमागून पप्पांचा आवाज, "शाब्बास! थांब! जाऊ दे त्यांना पुढे!"

लाऊडस्पीकरवर एक माणूस बोलत होता. तो आधी तेलुगूत काही म्हणाला, मग दखनीत. "अरे वो खाकी पँटवाली बच्ची, क्या हुआ अम्मा? चलाव ना! ये स्लो सायकल नक्को, ये रेस है रेस!" शामियान्यातून हसण्याचा एक लोंढा आला. मी तरीही उभीच होते. मला वाटत होतं की त्या पाचजणी पुढे कुठेतरी थांबतील, मागे वळून बघतील, आणि मग खरा खेळ सुरू होईल. त्या अर्धं मैदान ओलांडून गेल्या तरी कुणी थांबलं नाही. मी पेडल मारायला लागले. जोरात मारणार, तेवढ्यात पप्पा दोरीला धरून धावत आले आणि ओरडले, "घाई नको! दम राख! शेवटच्या फेरीला!" त्यांचा चेहरा उजळलेला होता. त्यांना अगदी सगळं ठरल्याप्रमाणे चाललेलं दिसत होतं. मी वेग कमी केला.

मी एक फेरी पुरी करून दुसरीला लागले तेव्हा पाठीमागे चाकांचा आवाज यायला लागला. त्या पाचजणी एक फेरी जास्त मारून माझ्या मागे आल्या होत्या. त्याच वेळी रेषेवरच्या माणसानं घंटा वाजवली. ती त्यांच्या शेवटच्या फेरीची घंटा होती. मी मनात मोजलं. माझ्या हिशेबानं दोन उरत होत्या. पण घंटा तर वाजत होती, आणि पप्पा जिवाच्या आकांतानं ओरडत होते, "आता! सुजाता, आता मार! मार!"

मी मारली. पाय ताजे होते, दम भरपूर होता. त्या मुलींचा जीव अर्धा झालेला, मी पुढे. वळणांवर मला मागच्या मुलीचा श्वास ऐकू येत होता, पण तिला मी पुढे येऊ दिलं नाही. आता शामियान्यातून कुणी हसत नव्हतं, सगळे काहीतरी ओरडत होते. शेवटच्या सरळ रेघेवर दोन पोरांनी लाल फीत धरली होती. ती मी छातीनं तोडली.

पप्पा दोरीखालून वाकून मैदानात आले. चप्पल एक दोरीपाशीच राहिली. दोन्ही हात वर करून ते धावत होते आणि मी त्यांना धावताना त्याआधी कधी बघितलेलंच नव्हतं. "मेरी बच्ची है! मेरी बच्ची फर्स्ट आई!" निशाणवाल्याचा हात धरून त्यांनी हलवला. मला सायकलसकट मिठी मारली, त्यांच्या शर्टाला घामाचा आणि आईनं केलेल्या इस्त्रीचा वास येत होता. माझ्या मागून आलेली पिवळ्या टी-शर्टातली मुलगी सायकल टाकून खाली बसली आणि माझ्या गळ्यात अडकलेल्या लाल फितीकडे बघत रडायला लागली. तेव्हा मला सगळं कळलं. पप्पांना नाही कळलं.

लाऊडस्पीकरवरचा माणूस फार सभ्यपणे बोलला. हसला असता तर बरं झालं असतं. "साहब, मुबारक हो, लेकिन आपकी बच्ची का एक चक्कर बाकी है."

सगळं मैदान हसलं. मुली, त्यांचे आईबाप, चहा विकणारा, फीत धरणारी पोरं. पप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, त्याला अजून खबर पोहोचली नव्हती. ते शामियान्याकडे वळून म्हणाले, "नक्को साहब, आप गिनती देखो. बच्ची पहले आई, सबने देखा." कुणीतरी त्यांना समजावलं. पिवळ्या मुलीचे वडील पुढे आले, रागानं नव्हे, उगाच गंमत म्हणून, आणि म्हणाले, "टीव्ही देख के सिखाया क्या भाईसाब?" पप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी गळ्यातली फीत काढत होते आणि तिचा गुंता सुटत नव्हता. मग ते हसू त्यांच्या चेहऱ्यावरून हळूहळू गेलं, आधी डोळ्यांतून आणि शेवटी ओठांवरून.

"पूरा करना है तो करो अम्मा, नहीं तो बाजू हो जाव," निशाणवाला मला म्हणाला. पुढच्या शर्यतीच्या मुली रेषेवर यायला लागल्या होत्या.

"बाजू हो," पप्पा म्हणाले.

घरी आम्ही सायकली हातात धरून चालत आलो. चालवल्या का नाहीत, कुणास ठाऊक. दोघांपैकी एकानंही बसायचं मनात आणलं नाही. रस्त्यात इराणी हॉटेल लागलं तिथे पप्पा थांबले, दोन चहा आणि माझ्यासाठी उस्मानिया बिस्किटं मागवली. पप्पांनी बशीत चहा ओतला आणि तो निवून गेला तरी उचलला नाही.

"तू मोजल्या होत्यास फेऱ्या?" त्यांनी विचारलं.

"हौ."

"घंटा झाली तेव्हा किती राहिल्या होत्या?"

"दोन."

"मग बोलायचं नाही?"

"तुम्ही मार म्हणालात."

त्यांनी बशी बाजूला सारली. "हौ," ते म्हणाले. "मी म्हणालो."

घरी ओट्यावर मामा, मामी, सत्यवती आंटी आणि पप्पांच्या ऑफिसातले एक जण बायकोला घेऊन बसलेले होते. आतून शिऱ्याचा वास येत होता. आईनं दारातून माझा चेहरा बघितला आणि तिला विचारावं लागलं नाही. मामा उठून उभा राहिला. "काय झालं? नंबर आला का पोरीचा?"

आई माझ्या सायकलकडे बघत लगेच म्हणाली, "चेन पडली असेल. ते कव्हर काढलं तेव्हाच मी म्हणत होते."

"अय्यो, चेन!" आंटी म्हणाली. सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. चेन पडली म्हणजे काय, कुणाचीही पडते. मामा सायकलजवळ वाकून चेन चाचपायलासुद्धा लागला. मामी म्हणाली, नशीब. ऑफिसातले म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. माझ्या मनात आलं, चला, संपलं. मी ओट्याची पायरी चढायला लागले.

"चेन पडली नव्हती," पप्पा म्हणाले.

आणि उभ्या उभ्या त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. मी चढावर थांबले ते, लोक हसले ते, घंटा, फीत, चप्पल टाकून ते स्वतः मैदानात कसे धावले ते, लाऊडस्पीकरवरचा माणूस काय म्हणाला तेसुद्धा, त्याच्याच शब्दांत. ऑफिसात एखादी नोंद वाचून दाखवावी तसा त्यांचा आवाज होता. ओट्यावरचं एकही माणूस हसलं नाही आणि ते मला मैदानातल्या हसण्यापेक्षा जड गेलं. मामा चेनचं तेल बोटांवरून पुसत राहिला. ऑफिसातल्यांची बायको आंटीच्या मांडीवरच्या मुरमुऱ्यांच्या सुपाकडे बघत होती. मला वाटत होतं जमीन फाटावी, आणि त्याहून जास्त वाटत होतं की पप्पांनी गप्प बसावं.

"पोरीनं मी सांगितलं तसंच केलं," ते शेवटी म्हणाले. "मला वाटलं होतं मला समजतंय. मला माहीत नव्हतं."

शिरा सगळ्यांनी खाल्ला, कारण तो केलेला होता. पाहुणे लवकर उठले. आत गेल्यावर आई भांडी आदळत म्हणाली, "काय गरज होती हो? चेन पडली म्हणून चाललं नसतं का? उद्या सारं ऑफिस हसेल."

"हसू दे," पप्पा म्हणाले. "आज चेन म्हटलं असतं तर उद्या शाळेत हिला तेच म्हणावं लागलं असतं. परवा कुणी मैदानातलं भेटलं की दुसरं काही. किती दिवस म्हणायचं तिनं?" मग ते टीव्हीवरचं कापड नीट करून पाय धुवायला गेले. पुढे कितीतरी ऑलिम्पिकं आमच्या घरात लागली. कुस्ती लागली की ते बघायचे, हॉकी बघायचे, सायकली आल्या की त्यांना पाणी प्यायची आठवण व्हायची.

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रार्थना झाल्यावर खेळाच्या बाईंनी मला वर्गासमोर उभं केलं. त्यांना कुणीतरी सगळं सांगितलेलं होतं. त्यांच्या तोंडाचा कोपरा हलत होता. "सुजाता, रेस सुरू झाल्यावर तू उभी का राहिलीस?" त्यांनी विचारलं.

चेन माझ्या जिभेवर आलेली होती. कव्हर काढलं होतं, कुणालाही खरं वाटलं असतं.

"मला खेळ माहीत नव्हता, बाई," मी म्हणाले.

"मग असं थांबायचं तुला शिकवलं कुणी?"

सगळ्याजणी वाट बघत होत्या. मी खिडकीकडे बघून म्हणाले, "कुणी नाही. मीच टीव्हीवर बघून शिकले."

बाई हसल्या आणि मग सगळा वर्ग हसला, बाकं वाजवून हसला. वर्ष संपेपर्यंत मुली मला 'टीव्ही' म्हणायच्या. मी बाकावर येऊन बसले, वही उघडली आणि डोकं खाली घातलं. कान इतके तापले होते की हात लावला तर भाजेल. हसू काही केल्या थांबत नव्हतं, आणि मी वहीत वाकून ऐकत होते, त्यात कुणी पप्पांचं नाव घेतंय का. कुणी घेतलं नाही.